मीत मॉ: मंतरलेली थाई सुरी घरी आणेपर्यंत

जानेवारीत परत आल्यापासून चौघांनी विचारलं की थायलंडहून ती सुरी आणलीस कशी, एअरपोर्टवर अडवलं नाही का, आणि तिकडे खरी मिळते तरी का. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबलंय, पण मला सुरुवातीला असं कुणी मराठीत सांगितलं असतं तर निदान आठ हजार रुपये वाचले असते.

मी पुण्याचा, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने अकरा महिन्यांसाठी रायोंगला पाठवलं. रायोंग, चोनबुरी हा सगळा पट्टा म्हणजे तिकडचं चाकणच, पुण्याची माणसं पावलोपावली भेटतात. आमचा शिफ्ट सुपरवायझर वयाने मोठा, त्याला मी नुसतं 'पी' म्हणायचो, थाईमध्ये पी म्हणजे दादा किंवा ताई. त्याच्या पिकअपमधून आम्ही जायचो यायचो.

मार्चमधली गोष्ट. रस्त्यावरून कैऱ्या घेतल्या होत्या, तिखटमिठाची पुडीपण होती, आणि कापायला काही नव्हतं. मला डॅशबोर्डवर छोट्या बुद्धमूर्तीशेजारी लाकडी म्यानातली एक बोटाएवढी सुरी दिसली, मी सहज उचलली आणि कैरीला लावणार तेवढ्यात पीने गाडी कडेला घेऊन करकचून ब्रेक मारला. माझ्या हातातून ती काढून घेतली, कपाळाला लावली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि मग पाच मिनिटं काहीच बोलला नाही. मला वाटलं आता नोकरी जाते. नंतर हसला आणि म्हणाला, ही कैरी कापायची नाही, ही मीत मॉ आहे.

मीत म्हणजे सुरी, मॉ म्हणजे वैद्य, आणि जुन्या अर्थाने मांत्रिकसुद्धा. म्हणजे वैद्याची सुरी. घरी येऊन मी नेटवर थाई अक्षरांत शोधलं तर ऑपरेशनचे स्काल्पेल आणि नाकाची प्लास्टिक सर्जरी करणाऱ्या क्लिनिकच्या जाहिराती आल्या, कारण आजच्या बोलीत 'मीत मॉ'चा आधार घेतला म्हणजे सर्जरी करून घेतली असा अर्थ होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी मोठ्या उत्साहाने रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं की मला मीत मॉ कुठे मिळेल, तर ती माझ्या नाकाकडे बघून जी हसायला लागली ती थांबेचना.

तर ही सुरी कापायसाठी नसतेच. लहान पातं, त्यावर ख्मेर लिपीत कोरलेली पाली अक्षरं आणि यंत्रं, मुठीत पोकळी करून त्यात मंतरलेली पूड किंवा पत्र्याची कोरलेली गुंडाळी भरलेली, आणि मग भंतेजींनी मंत्र म्हणून 'जागी' केलेली. उशाखाली ठेवतात, प्रवासात जवळ ठेवतात, पाण्यात टोक बुडवून मंत्र म्हटला की ते तीर्थ झालं असं मानतात. खिशाला पेनासारखी लावायचीही छोटी जात असते, तिला पेनाचीच सुरी म्हणतात. आपल्याला हे काही फार परकं नाही. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार देतातच की, आणि माझी आजी आम्ही झोपेत ओरडायला लागलो की उशाखाली अडकित्ता सरकवायची. पप्पांना ते अजिबात आवडायचं नाही. आमचं घर बौद्ध, पप्पा खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेले, लोखंड आणि बाबासाहेब या दोनच गोष्टींवर मनापासून बोलणारा माणूस. मी फोनवर सांगितलं की मला अशी एक सुरी मिळवायची आहे तर म्हणाले, "धम्मात ताईत-गंडे कुठून आले रे? बावीस प्रतिज्ञा विसरलास काय?" मी म्हटलं पप्पा, कलेक्शन म्हणून. पलीकडून आईचा आवाज आला, "येताना मला बुद्धाची मूर्ती आण, पितळेची, हातात मावेल एवढी." ही मूर्तीच पुढे सुरीपेक्षा जास्त फिरवणार होती.

एप्रिलमध्ये सोंगक्रानची, म्हणजे थाई नववर्षाची सुट्टी आली, मी एकटाच बँकॉकला गेलो. था फ्रा चान म्हणून नदीकाठी धक्का आहे, वात महाथात या विहाराच्या आसपास, तिथे ताइतांचा जुना बाजार. टेबलामागे टेबल, प्रत्येकावर शेकडो छोट्या मूर्ती, आणि माणसं डोळ्याला भिंग लावून वाकलेली, जणू सगळेच घड्याळजी. तिथे एक गंमत कळली. 'विकत घेणं' हा शब्द वापरायचा नाही. बुद्ध विकत कसा घेणार? म्हणून 'चाओ' म्हणायचं, म्हणजे भाड्याने घेणं. पैसे पूर्ण द्यायचे, वस्तू कायमची आपली, पण शब्द भाड्याचा. आपल्याकडे बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतात तसलंच हे. मी हे ऐकून खूश झालो आणि त्याच खुशीत एका दुकानात फसलो. छान काळपट पातं, पिवळट मूठ, दुकानदार म्हणाला पन्नास वर्षं जुनी आहे, साडेतीन हजार बाथ. तेव्हा बाथ सव्वादोन रुपयांच्या थोडा वर होता, म्हणजे आठेक हजार गेले.

सोमवारी पीने भिंग लावलं आणि एकच शब्द म्हणाला, "के." म्हणजे नकली. त्याने मला भिंगातून दाखवलं. हाताने लेखणीने कोरलेली रेघ कुठे खोल कुठे उथळ असते, वळणावर लेखणी अडखळते, कडेला धातू किंचित वर आलेला असतो. माझ्या सुरीवरची प्रत्येक रेघ सारख्याच खोलीची, मशीनची. काळपटपणा म्हणजे कसलातरी रंग, नखाने निघाला. मी दिवसभर दुसऱ्यांचे पार्ट भिंगाखाली रिजेक्ट करणारा माणूस, आणि स्वतःच्या खिशातून पैसे देताना भिंग मागायचं सुचलं नाही. ती सुरी अजून आहे माझ्याकडे, कुरिअरचे खोके फोडायला वापरतो, चांगली चालते.

मेच्या पहिल्या लाँग वीकेंडला पी म्हणाला, चल, आधी चांगली वस्तू कशी दिसते ते बघ, मग खरेदी. आम्ही पिकअपने नाखोन सावान प्रांतात गेलो, रायोंगहून पाच तासांच्या वर लागले. पिंग, वांग, योम, नान या चार नद्यांचं पाणी जिथे एक होऊन चाओ फ्राया सुरू होते तो हा भाग. नाखोन म्हणजे नगर, सावान म्हणजे स्वर्ग. त्यातल्या ताखली तालुक्यात, हो, नाव अगदी आपल्या टाकळीसारखं, वात नोंग फो हा विहार आहे. मीत मॉ म्हटलं की थाई माणूस पहिलं नाव घेतो ते इथल्या लुआंग फॉ डेर्म यांचं. १८६० चा जन्म, १९५१ ला गेले, नव्वदी पार केलेले भंतेजी. हत्तींचा फार लळा, आणि त्यांच्या नावाच्या सुऱ्यांना बऱ्याचदा हस्तिदंती मुठी आणि हस्तिदंती म्यानं. त्या सुऱ्यांना थाईत 'थेप सात्रा' म्हणतात, आणि पीने ते फोड करून सांगितलं तेव्हा मला एकदम कळलं, अरे, हे तर आपलं देव आणि शस्त्र.

तिथे पाहिलेल्या सुऱ्यांनी माझी नजर सुधारली हे खरं. पातं मध्ये जरा पोटाळलेलं, टोकाकडे निमुळतं, मुठीला धातूच्या कड्या, हस्तिदंत मधासारखा पिवळा झालेला. पण तिथून परतताना जे झालं ते जास्त महत्त्वाचं.

रस्त्यात एका माणसाच्या घरी पी घेऊन गेला. त्याच्याकडे एक जुनी सुरी होती, हस्तिदंती मूठ, डेर्म यांची नाही पण त्यांच्या शिष्यपरंपरेतली, असं तो म्हणत होता. ४५,००० बाथ. मी भिंगातून बघितलं, मुठीच्या कापलेल्या बाजूला त्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक जाळीसारख्या रेघा होत्या, म्हणजे हाड किंवा प्लास्टिक नाही, दात खरा. सुरी खरंच सुंदर होती. हातात घेतली की अंगठा आपोआप जिथे बसायला हवा तिथे बसत होता. माझ्याकडे बोनसचे पैसे होते. तो माणूस म्हणाला, मोज्यात गुंडाळून बॅगेत टाक, कोण बघतंय, खूप लोक नेतात.

त्या रात्री लॉजवर मला झोप नाही आली. मोबाईलवर वाचत बसलो. थायलंडमध्ये २०१५ पासून हस्तिदंताचा वेगळा कायदा आहे, घरात असलेला दात पण नोंदवायला लागतो, परवान्याशिवाय देशाबाहेर काढता येत नाही. आशियाई हत्ती साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत. आणि आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा, त्यात तर सरळ तुरुंग. बरं, सुरी जुनी आहे हे सांगणारा कागद त्या माणसाकडे एकही नव्हता, नोंदणीचाही नव्हता. कायदा बाजूला ठेवला तरी मला राहून राहून वाटत होतं की ज्या गोष्टीला मी मोज्यात लपवून घरी नेणार ती मी पप्पांच्या समोर टेबलावर कशी ठेवणार? सकाळी नाही म्हटलं. पीला वाईट वाटलं असावं, परतीच्या वाटेवर तासभर रेडिओच ऐकत होता. मग स्वतःच म्हणाला, नवीन बनवून घे. लोहार मी दाखवतो, भंतेजी मी दाखवतो, प्रत्येक हात तुझ्या डोळ्यांसमोर लागेल.

नवख्यांनी जुन्या सुरीच्या मागे लागू नये हे माझं मत तिथे पक्कं झालं. जुनी खरी वस्तू महाग, बहुतेक हस्तिदंती, म्हणजे बाहेर नेता येत नाही, आणि स्वस्त मिळाली तर माझ्यासारखी खोके फोडायच्या कामाची.

८ जून, शनिवार. अयुथया प्रांतात नाखोन लुआंग म्हणून तालुका आहे, तिथली अरण्यिक सुरी थायलंडभर प्रसिद्ध. दोन-तीन गावं नुसती लोहारांची, त्यांचे पूर्वज दोनेकशे वर्षांपूर्वी लाओसमधल्या व्हिएंतियानकडून आले असं सांगतात. घरासमोर भाता, आत टीव्ही, बाहेर कोंबड्या, आणि एका लयीत घण. आमच्या लोहारकाकांनी ट्रकच्या कमान पाट्याचा तुकडा काढला. म्हटलं, अरे, आपल्याकडे ऊसतोडीचे कोयते याच पाट्याचे होतात! पीच्या मेव्हण्याने उत्तरादित प्रांतातून 'लेक नाम फी' या लोखंडाचा तुकडा आणून ठेवला होता, सुपारीएवढा. नाम फी हे गाव, तिथल्या खाणीचं लोखंड पवित्र मानतात, दोन खड्डे तर राजाच्या शस्त्रांसाठीच राखीव होते म्हणे, त्यातल्या एकाचं नाव फ्रा खान. हा खान म्हणजे संस्कृतातलं खड्ग. परंपरेने अशा सुरीत स्तूपाच्या कळसाचं लोखंड, शवपेटीचे खिळे असं काय काय घालतात. मी खिळ्यांना नको म्हटलं, आईला कळलं असतं तर तिने सुरी उंबऱ्याच्या आत घेतली नसती.

माप ठरवताना मी खिशातून व्हर्नियर काढला तेव्हा लोहारकाका घण खाली ठेवून हसले. पण माप महत्त्वाचं होतं. आपल्या शस्त्र नियमांत, २०१६ चे आहेत ते, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला लायसनची भानगड येते. मी पातं पाच इंच लांब आणि इंचभर रुंद ठेवलं. तुम्ही बनवून घेत असाल तर हे आधीच डोक्यात ठेवा, मोठी मारे छान दिसते, पण.

मुठीच्या लाकडावरून आणखी एक तास गेला. पीचा आग्रह फायुंगचा, म्हणजे तिकडचा लालसर शिसव, नावाचा अर्थ 'आधार देणं' असा लागतो म्हणून शुभ. दिसायला जबरदस्त. पण तो पण साइट्सच्या यादीत निघाला, दुसऱ्या परिशिष्टात. मी म्हटलं आता एकाही वस्तूला परमिट लागायला नको. शेवटी फणस. थाईमध्ये फणस म्हणजे खनून, आणि त्यातल्या 'नून'चा अर्थ पाठबळ, त्यामुळे तोही शुभ, पीपण खूश. पिवळंधमक लाकूड, आजोळी देवरुखला याच लाकडाचा पाट होता. २,८०० बाथ ठरले, अर्धे आधी. मी बिल मागितलं. काका म्हणाले आम्ही बिल देत नाही, मग पीने वहीच्या कागदावर लिहिलं की नवीन सुरी, पातं पाच इंच, मूठ आणि म्यान फणसाचं, तारीख, रक्कम, आणि काकांनी सही केली. भाता, घण, तापलेलं पातं, सगळ्याचे फोटो काढून ठेवले. हा वहीचा कागद पुढे फार कामाला आला.

२९ जूनला पातं ताब्यात मिळालं, कोरं, अक्षरांशिवाय. काकांनी बजावलं की पावसात तेल लावून ठेवायचं. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता भंतेजी. पीच्या गावाजवळचा छोटा विहार, नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथले मुख्य भंतेजी ऐंशीच्या पुढचे आहेत आणि मला तिथे रांग लावायची नाही. तिथे वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यात भिक्खू एकाच विहारात मुक्काम करतात ते, तीन महिने वस्तू बुद्धमूर्तीसमोर ठेवतात आणि रोज संध्याकाळी त्यावर पाठ होतो, याला 'त्रायमात' म्हणतात, म्हणजे आपला त्रैमास. अट एकच, वर्षावास सुरू व्हायच्या आत वस्तू जमा झाली पाहिजे. २०२४ ला आषाढ पौर्णिमेची सुट्टी २० जुलैला होती आणि दुसऱ्या दिवसापासून वर्षावास. आम्ही २० लाच पहाटे निघालो.

सोबत काय न्यायचं ते सांगतो. संघदानाची पिवळी बादली, कुठल्याही सुपरमार्केटमध्ये तयार मिळते, साबण, टूथपेस्ट, टॉर्च, औषधं, सगळं चकचकीत कागदात, मला २९९ ला पडली. पाकिटात दान, मी हजार बाथ ठेवले. फुलं, उदबत्ती, मेणबत्ती. सुरी तबकात ठेवायची, म्यानाबाहेर काढून, धार आपल्याकडे. बसताना पावलं मूर्तीकडे करायची नाहीत, हे विसरलो आणि एका आजींनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली. बायकांनी भंतेजींच्या हातात थेट काही द्यायचं नसतं, ते समोर एक कापड पसरतात त्यावर ठेवायचं, पीच्या बायकोने तसंच केलं.

एका भंतेजींनी वहीत नोंद केली. नाव, गाव, वस्तू. माझं नाव थाईमध्ये तीन वेळा खोडून लिहिलं गेलं. मग दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधली, नंबर ३७. किंमत विचारली तर नाही, इच्छेप्रमाणे. मुठीतली पूड आणि कोरलेली गुंडाळी ते भरणार होते, पात्यावरची अक्षरंही तेच कोरणार होते.

मोठ्या भंतेजींसमोर बसलो तेव्हा पीने सांगितलं की हा इंडियाचा. ते म्हणाले, मी बोधगयेला गेलो होतो, आणि मग खूप आठवून, बोट वर करून, खणखणीत आवाजात म्हणाले, "चाय गरम!" एवढीच हिंदी त्यांना येत होती. मी हसून हसून वाकलो. मग ते शांत झाले आणि पाठ सुरू झाला.

नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स. त्यांच्या उच्चारात भगवतोचं 'फखवतो' होतं आणि गच्छामिचं 'खच्छामि', पण पहिल्या शब्दाला माझे ओठ आपोआप हलायला लागले. लहानपणी दर रविवारी विहारात पेंगत म्हटलेलं, दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून आलेल्या पप्पांच्या शेजारी मांडी घालून म्हटलेलं, तेच. मी आपल्या पद्धतीने म्हणत होतो, ते त्यांच्या, आणि पंचशीलाच्या शेवटी दोन्ही बरोबर एका जागी पोहोचलं. भंतेजींनी एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. पीने मागून मला कोपराने ढोसलं, तुला हे कसं येतं? पाच महिने बरोबर काम करून मी त्याला सांगितलंच नव्हतं की आम्ही बौद्ध. त्याच्या मते इंडियन म्हणजे गणपती.

कोरायच्या अक्षरांत पाच अक्षरं होती, न मो बुद् धा य. ते 'न मो फुत था य' म्हणतात. आमच्या वस्तीत लोक रस्त्यात भेटले की एकमेकांना हेच म्हणतात. पप्पांना फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अक्षरं चांगली आहेत. पण ती म्हणायची असतात, सुरीवर कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही.

मग तीन महिने काहीच नाही. पाऊस, प्रॉडक्शन, ऑडिट. मध्ये एकदा वाटलं की ३७ नंबरची चिठ्ठी गळून पडली तर? पीला विचारलं तर म्हणाला, तर दुसऱ्या कुणाला मिळेल, त्याची गरज मोठी असेल. मी मनात म्हटलं, २,८०० बाथ.

१७ ऑक्टोबरला वर्षावास संपला, पण तो गुरुवार होता आणि मला रजा नव्हती, आम्ही रविवारी २० ला गेलो. त्या दिवशी शेवटचा विधी होता, त्याला 'फुत्थाफिसेक' म्हणतात, शब्द नीट ऐका, बुद्धाभिषेक. मधोमध सगळ्या वस्तूंचा ढीग, मूर्ती, ताईत, सुऱ्या, कुणाच्या तरी गाडीची किल्लीपण. बुद्धमूर्तीपासून निघालेला पांढरा सुती दोरा त्या ढिगाला गुंडाळून नऊ भंतेजींच्या हातांतून गेलेला. आपल्याकडे परित्राण पाठाला पाण्याच्या भांड्याला बांधतो तोच दोरा. दोन तास पाठ चालला. गुडघे गेले. मध्ये वीज गेली तर मेणबत्त्यांच्या उजेडात कुणी थांबलंसुद्धा नाही.

३७ नंबर मिळाला. म्यान काढलं तर पात्यावर तिरकी, अडखळत कोरलेली अक्षरं, भिंगाशिवायही हाताची कळणारी. आणि मुठीजवळ शेंगदाण्याएवढा गंजाचा डाग. तेल! मी जमा करताना तेल लावलंच नव्हतं, तीन महिने पावसाळी हवेत उघडं पातं. चूक सर्वस्वी माझी. पी म्हणाला राहू दे, तोपण विधीचाच भाग. मला काही ते पटलं नाही.

तिथून निघताना दानाचा कागद मागितला, त्याला अनुमोथना बत म्हणतात, अनुमोदनाचं पत्र, शिक्का आणि सहीसकट. हा मागायला लाजू नका, ते आनंदाने देतात.

नोव्हेंबर गेला आईच्या मूर्तीत. गळ्यात घालायची छोटी मूर्ती नेता येते, पण घरात बसवायची बुद्धमूर्ती थायलंडबाहेर न्यायला फाइन आर्ट्स डिपार्टमेंटचा परवाना लागतो, नवीन असली तरी. अर्ज, पासपोर्टची सही केलेली झेरॉक्स, मूर्तीचे समोरून दोन फोटो, आणि मूर्ती स्वतः घेऊन जायची. मी एकच फोटो नेला, तोही हॉटेलच्या चादरीवर काढलेला, अंधुक. परत आलो. रायोंगहून बँकॉक म्हणजे जायला यायला अख्खी सुट्टी जाते. दुसऱ्या खेपेला पांढऱ्या कागदावर ठेवून काढले, आठवड्याने परवाना मिळाला, मूर्तीला तारेची सीलबंद चकती लावलेली. फी टॅक्सीपेक्षा कमी. चकती घरी येईपर्यंत काढू नका. माझी सुरी नवीन आणि तिच्यावर मूर्ती नाही म्हणून तिला काही लागलं नाही, पण मी तिथे दाखवून विचारून घेतलं, मनाची शांती.

११ जानेवारी २०२५, परतीचं विमान. सुरी चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये चुकूनही नको. म्यानाला टेप, बाहेर पुठ्ठा, वर चिठ्ठी. लोहारकाकांचा वहीचा कागद, त्याचं मी इंग्रजीत केलेलं भाषांतर, अनुमोदनपत्र, मूर्तीचा परवाना, सगळं एका फोल्डरमध्ये, तो हातात. मुंबईला उतरल्यावर मी स्वतःहून कस्टमच्या रेड चॅनेलला, म्हणजे सामान जाहीर करायच्या रांगेत गेलो. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. काउंटरवरच्या साहेबांनी खोकं उघडायला लावलं.

"काय आहे हे?"

"सुरी आहे साहेब. मंतरलेली."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कोणावर?"

मागची बाई हसली. मग त्यांनी मूठ उलटसुलट केली, विचारलं हस्तिदंत आहे का, मी म्हटलं फणस, लोहाराकडचे फोटो दाखवले. पट्टी लावून पातं मोजलं. सगळ्याची किंमत मिळून तेव्हाच्या पन्नास हजारांच्या सवलतीत आरामात बसत होती, ड्युटी लागली नाही. पंधरा-वीस मिनिटं. हस्तिदंतीवाली बॅगेत असती तर ती वीस मिनिटं कशी गेली असती, याचा विचार मी टॅक्सीत केला आणि पाणी प्यायलो.

हिशोब विचारणाऱ्यांसाठी. सुरी २,८००, विहारात १,२९९, पेट्रोल पीने घेतलंच नाही म्हणून त्याच्या मुलाला सायकल, ती ३,२००, मूर्ती १,८००, आणि ते पहिलं साडेतीन हजारांचं शिक्षण. सगळं बाथमध्ये. महिने साधारण दहा.

घरी आल्यावर आईने मूर्ती बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली. सुरी मी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि नियम सांगितले, कमरेच्या वर ठेवायची, ओलांडायची नाही, उगाच म्यानातून काढायची नाही. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि उगाच म्यानातून काढली. अक्षरं वाचता येतात का म्हणून उजेडात धरली, आली नाहीत, मी बोट ठेवून सांगितलं, हे न, हे मो. मग अंगठा धारेवरून आडवा फिरवला, पात्यावर नखाने टिचकी मारून कानाशी नेलं.

"पाट्याचं लोखंड आहे का हे?"

म्हटलं हो, ट्रकच्या.

"पाणी चांगलं दिलंय," ते म्हणाले. मग त्यांना डाग दिसला. "आणि हा गंज? तेल नव्हतं होय रे तिकडे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर ते गॅलरीत बसले होते, मांडीवर जुनं बनियन, शेजारी शिलाई मशिनच्या तेलाची बाटली, आणि अक्षरांना धक्का न लावता डागाभोवती बारीक पॉलिश पेपर फिरवत होते. आई म्हणाली, अहो, मंतरलेली आहे ती. पप्पा मान वर न करता म्हणाले, "मग काय झालं, गंज कुणाला विचारून लागतो?"